सोन्याला चव असते का?

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती नांदेडहून माझ्याकडे लातूरला राहायला आली होती. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला, डाव्यातला अजून पिकायचा होता. त्यामुळे एका डोळ्याला जपायचं आणि दुसऱ्याला धुकं. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि मोबाईल तर हातातच धरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आत्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली. सुरुवातीची बरीच वर्षं कंधारला काढली, मग नांदेडला. लग्न केलं नाही. दुसऱ्यांना पथ्य सांगण्यात जन्म गेला, त्यामुळे स्वतःचं पथ्यही ती हुकूम दिल्यासारखं पाळायची. पण नुसतं पडून राहणं तिच्या स्वभावात नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी आले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय नवीन?"

एका संध्याकाळी मी तिच्या डोळ्यात थेंब घातले आणि शेजारीच फोन बघत बसले. थेंब घातल्यावर थोडा वेळ डोळे मिटून राहायचं असतं. डोळे मिटूनच ती म्हणाली, "एकटीच काय बघून राहिलीस? मला बी सांग की."

मी बघत होते जगातल्या महागड्या गोड पदार्थांचे व्हिडिओ. कसे कोण जाणे, एक बघितला आणि त्यामागून रांगच लागली होती. मी तिला सांगायला लागले. आखातातल्या एका शहरातलं मोठं हॉटेल. तिथं काचेच्या वाटीत आइस्क्रीम देतात आणि वरून खऱ्या सोन्याचा वर्ख लावतात.

"चांदीचा अस्तो की. बर्फीवर."

"चांदीचा नाही आत्या, सोन्याचा. आणि किंमत ऐक."

मी किंमत सांगितली. तिने मिटल्या डोळ्यांनीच भुवया उंचावल्या. मग म्हणाली, "एका वाटीची?"

"एका वाटीची."

"वाटी घरी घिऊन जाऊ देत असतील."

दुसऱ्या व्हिडिओत चॉकलेटच्या केकच्या पोटात हिरा लपवलेला होता. तिसऱ्यात कुत्र्यांना जंगलात नेऊन जमिनीतून उकरून काढलेली कसली तरी काळी अळंबी चॉकलेटवर किसून घालत होते. मी एकेक रंगवून सांगत होते, पण तिचे प्रश्न भलतेच असायचे.

"पहिला घास घेतल्यावर आधी काय लागतं? गोड का कडू?"

"ते दाखवत नाहीत गं."

"दातात अडकतं का सोनं?"

"ते पण नाही सांगितलं."

"बरं, मीठ घातलंय का? चिमटीभर मीठ न्हाई घातलं तर गोड पदार्थ मिळमिळीत लागतोय."

मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघितला. हातमोजे घातलेले दोन हात, चिमट्याने उचललेला वर्ख, धूर, टाळ्या. एक बाई चमचा तोंडाजवळ नेते, डोळे विस्फारते आणि तिथंच व्हिडिओ संपतो.

"मंग चव कुणीच सांगत न्हाई?"

"नाही."

"एवढं महागाचं खायाचं आन् चव सांगायची न्हाई?" आत्याला ते पटेचना. खरं सांगायचं तर मलाही तोवर जाणवलं नव्हतं. इतके व्हिडिओ पाहिले, पण चवीचा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. डोळे झाकलेल्या माणसाला तो आधी पडला.

त्या दिवसापासून आम्हा दोघींना तो नादच लागला. रोज संध्याकाळी थेंब घातले की एक पदार्थ. जेवताना माझ्या नवऱ्यापुढं त्याची चर्चा. त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून दमलेले असायचे. ते म्हणायचे, "आत्या, त्यापेक्षा धोंड्याच्या महिन्यात तुमच्याकडे येऊन पुरणपोळी खाऊन जाईन मी."

"जावईबापू, पोळीची चव म्हाईत हाय मला. ह्याची न्हाई, म्हून इचारते."

मग एकदा तिला कंधारची आठवण आली. बाई बाळंत झाली की घरच्या म्हाताऱ्या सोन्याची अंगठी मधात उगाळून बाळाच्या जिभेला चाटवायच्या. आत्या ते बघितलं की वॉर्ड दणाणून सोडायची. जन्मलेल्या लेकराला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, हे ती सांगून सांगून थकली होती.

"किती जणींच्या हातातून अंगठ्या हिसकून घेतल्या मी," ती हसत म्हणाली. "आता मलाच चाटायची हौस आली."

"मग घरात अंगठी आहेच की."

"अंगठी न्हाई. त्यो वर्ख पायजे. खायाचा."

मी ऑनलाइन शोधलं. खायचा सोन्याचा वर्ख मिळतो हे मला माहीतच नव्हतं. पानं अगदी छोटी, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी, त्यामुळे आवाक्यात होती. पाकीट आलं ते एवढं हलकं की आत काही आहे की नाही अशी शंका यावी. पातळ कागदांच्या मधोमध ती पानं ठेवलेली.

पण आत्या अशी कशावर विश्वास ठेवणार? "आधी सोनाराला दाखीव," म्हणाली. गंजगोलाईच्या बाजारात आमच्या ओळखीचे एक सोनार आहेत. त्यांच्याच हातचं मंगळसूत्र माझ्या गळ्यात आहे. काळा चष्मा लावून आत्या रिक्षातून माझ्याबरोबर आली. सोनारकाकांनी कागद उघडला, श्वास रोखून बघितलं आणि पटकन मिटला.

"पंखा बंद करा रे आधी," ते आत ओरडले. मग आम्हाला म्हणाले, "सोनं वाटतंय. पण एवढ्या पातळ मालाला मी कसोटीवर घासू तरी काय? हे तर बोटाला पुसून जातंय. कशाला आणलंय?"

"खायाला," आत्या म्हणाली.

ते चष्म्यावरून आमच्याकडे बघत राहिले. "खायला? अहो बाई, उद्या सकाळी कुठं जाणार ते?"

"सगळं जातं तिथंच."

ते इतके हसले की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. आत्याने मात्र आपला प्रश्न सोडला नाही. "एवढं वय गेलं तुमचं सोन्यात. चव कशी असती हो?"

त्यांनी कागद परत माझ्या हातात ठेवला. "दाताखाली धरून बघितलंय, मऊ आहे का कडक ते कळायला. पण चव... चव कधी बघितली नाही. धंद्याची वस्तू ना, लक्ष तिकडं जात नाही." मग निघताना म्हणाले, "कशी लागली ते मला कळवा पण."

रविवारी दुपारी आम्ही बसलो. मे महिना, लातूरचं ऊन, आणि वर्ख उडू नये म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा लागलेल्या. आत्याचं म्हणणं होतं की हुग्गीवर लावायचा नाही. हुग्गी म्हणजे आमच्या माहेरची, उदगीरकडची, जाड सालीच्या खपली गव्हाची खीर, गूळ, बडीशेप, सुंठ, जायफळ घालून केलेली. "तिला तिची चव हाय. सोनं त्यात हरवून जाईल. साधं पायजे." म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून व्हॅनिला आइस्क्रीम आणलं.

नियमही तिनेच ठरवला. खाणाऱ्याने डोळे मिटायचे. प्रत्येकाला दोन चमचे, एक वर्खाचा, एक बिनवर्खाचा. कुठला कोणता ते भरवणाऱ्यालाच माहीत. आधी मी नवऱ्याला भरवलं. पहिलं पान चिमट्यातून सुटलं आणि त्यांच्या मिशीला जाऊन चिकटलं. डोळे मिटलेलेच, त्यामुळे त्यांना पत्ता नाही.

"पहिला चमचा सोन्याचा," ते ठामपणे म्हणाले. चूक होतं.

मग त्यांनी मला भरवलं तेव्हा मी सगळं लक्ष जिभेवर एकवटलं. गार, गोड, व्हॅनिला. दुसऱ्यांदा गार, गोड, व्हॅनिला. मी अंदाजाने दुसरा म्हणाले आणि तोही चुकला.

सगळ्यात शेवटी मी आत्याला भरवलं. तिने मात्र वेळ घेतला. एक चमचा, मग पाण्याची चूळ, मग दुसरा. मग म्हणाली, "पुन्हा दे." पुन्हा दिले. गालात धरून ती बसली, जशी कुणाची नाडी मोजतेय. शेवटी म्हणाली, "हा दुसरा. चव काई न्हाई. पण टाळूला कायतरी बसल्यावाणी झालं आन् गेलं."

ते बरोबर होतं. नशिबाने की खरंच, ते आम्ही ठरवू शकलो नाही. मग डोळे उघडून उरलेला वर्ख आइस्क्रीमवर लावला आणि तिघांनी खाल्लं. नवरोबा म्हणाले, "आता भारी लागतंय." आणि मलाही, काय सांगू, भारीच लागलं. आत्या आम्हा दोघांकडे आलटूनपालटून बघत होती. "आत्ता तर तुम्हाला कळत नव्हतं," एवढंच म्हणाली. सोन्याला चव नसते, असं मी सोनारकाकांना फोन करून सांगितलं. ते जरा हिरमुसल्यासारखे झाले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी आत्याला फोन बघायची परवानगी दिली. घरी आल्या आल्या तिने तो सोन्याच्या आइस्क्रीमचा व्हिडिओ लावायला सांगितला. इतके दिवस कानांनी ऐकलेलं ती पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होती. मला वाटलं ती सोन्याबद्दल काहीतरी बोलेल. तिने मध्येच बोट ठेवून व्हिडिओ थांबवला.

"हे बघ. मनगट."

काळा हातमोजा जिथं संपतो तिथं, बाहीच्या खाली, एक लालसर आडवा पट्टा होता. मी तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेल, पण तो मला दिसला नव्हता.

"भाजलंय. भट्टीच्या कडेला लागलं असणार. ताजं हाय. आन् हात बाईचा हाय." ती फोन डोळ्यापासून लांब-जवळ करत राहिली. "हिलाच इचारू की. करणारीला म्हाईत असणारच."

"अगं, एवढ्या मोठ्या हॉटेलातली ती. ती आपल्याला उत्तर देणार?"

"इचारायला काय जातं?"

व्हिडिओखाली आइस्क्रीम करणारीचं खातं दिलेलं होतं. आत्याने मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. आम्ही महाराष्ट्रातल्या एका गावातून लिहितोय. तुमच्या आइस्क्रीममध्ये मीठ असतं का? सोन्याची चव तुम्हाला कशी वाटते? आणि मनगटावर भाजलंय त्याला आधी भरपूर गार पाणी, मग मलम, आणि हातमोज्याची कड त्यावर घासू देऊ नका.

आठवडा गेला. आत्या नांदेडला परत गेली, मीही ते विसरले. मग एका सकाळी ग्रंथालयात पुस्तकं लावत असताना उत्तर आलं. मी कपाटाआड जाऊन वाचलं आणि लगेच आत्याला फोन लावला.

ती बाई फिलिपिन्सची होती. कुटुंब गावी, ती आखातात एकटी. तिने लिहिलं होतं की मीठ असतं, अगदी थोडं, आणि ते विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. भाजल्याचं तर कुणीच विचारलं नव्हतं. जखम आता सुकली आहे. आणि सोन्याबद्दल तिने लिहिलं होतं, काम करताना ओठाला लागतं तेव्हा कळतं, आपल्याच तोंडाची जशी चव असते तशी त्याची चव.

आत्याने ते शेवटचं वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बरोबर बोलली बाई. मला शबूद सापडत नव्हता."

त्या बाईने शेवटी विचारलं होतं की तुमच्याकडे आनंदाच्या दिवशी काय गोड करतात. आत्याने सांगितलेलं उत्तर लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण हुग्गी ती मनाने सांगायची, मापाने नाही. गहू किती भिजवायचा तर "फुगेस्तोवर". उखळात किती सडायचा तर "साल सुटेस्तोवर". गूळ किती तर "पुरेल एवढा". दूध गरम खिरीत घालायचं नाही, गुळामुळे नासतं, ताटात वाढल्यावर गार दूध आणि तूप. "आन् मीठ, लिही बरं का," तिने तीनदा बजावलं.

थोड्या दिवसांनी फोटो आला. हॉटेलातला नाही, कामगारांच्या खोलीतला असावा. स्टीलच्या डब्यात तपकिरी खीर, वरून पांढरं काहीतरी. खपली गहू मिळाला नाही म्हणून तिने जव घेतले होते आणि दुधाऐवजी नारळाचं दूध. खोलीतल्या मैत्रिणींनी डबा संपवला, असं लिहिलं होतं.

मी फोटो आत्याला पाठवला. एव्हाना तिच्या दुसऱ्या डोळ्याचीही तारीख ठरली होती. तिने फोटो चांगला मोठा करून बघितला असणार, कारण बऱ्याच वेळाने फोन आला.

"दाणा अख्खा दिसतोय. सडलाच न्हाई तिनं. पण रंग चांगला आलाय," ती म्हणाली. "नारळाचं दूध कसं लागत असंल गं त्यात?"

"करून बघ की."

"बघणारच हाय. बरं, तू एक काम कर. सडलेली खपली कुरियरनं तिकडं पाठवता येती का, जरा इचारून ये."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून सुटल्यावर मी कुरियरच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या माणसाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "गहू? तिथं गहू मिळत नाही काय मॅडम?"

"हा नाही मिळत," मी म्हणाले आणि त्याला खपली म्हणजे काय ते सांगायला लागले.