आठ फाट्यांचं शिंग

"तुझ्या बाच्या कंबरेचं सांग, शिंगाचं नगं," ओसी नवऱ्याला पुन्हा बजावत होती. "बा खाणीत जायबंदी झाला, घरात खायाला नव्हतं, म्हून तू आलास. एवढंच."

"खायाला नव्हतं ह्ये परक्याला सांगू? फोनवरनं?" डेन्झिल कोगर सुरीला धार लावत म्हणाला.

वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या खोऱ्यात हरणांच्या शिकारीचा पहिला सोमवार म्हणजे सण. शाळासुद्धा बंद. लोकांनी मारून आणलेली हरणं डेन्झिल आपल्या छपरात टांगून सोलून द्यायचा, स्वतःचा एक पाय ताठ ठेवून. त्या पायाचा गुडघा पलटणीत असताना ट्रकखाली गेलेला. पण विशीत, तो सांगायचा तसं, असाच एक सोमवार गाठायला गडी छावणीतून न विचारता घरी आला आणि उन्हाळा लागेतो परतलाच नाही. पलटणीनं हाकलताना शेरा मारला : सन्मानानं नव्हे. त्या शेऱ्यापायी गुडघ्याचं पेन्शन बुडालं. यायला भाग पाडणारं कारण दाखवलं तर ते मिळण्यासारखं होतं. सुनावणी फोनवर, आणि सरकारच्या कृपेनं नेमकी याच सोमवारी.

डेन्झिलचे हात रक्तानं भरलेले, म्हणून ओसीनं फोन आवाज मोठा करून फळीवर ठेवला. बाहेर खोळंबलेली गिऱ्हाइकं कान देऊन उभी राहिली.

सुनावणीच्या साहेबानं विचारलं, जायला भाग पाडणारं असं काय होतं?

डेन्झिलनं गिऱ्हाइकांकडं पाहिलं. "आठ फाट्यांचं शिंग, साहेब." मग तो नर कुठल्या डोंगरावर दिसला, वारा कुठनं, सगळं रंगवून सांगितलं. साहेब बिचारा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, आणखी दुसरं काही?

ओसीनं कोपरानं ढोसलं.

"दुसरं सहा फाट्यांचं हुतं, पण त्ये सुटलं."

साहेबानं लिहून घेतलं आणि फोन ठेवला.

शेजारचा म्हातारा हार्लेस आपल्या हरणाशेजारी टेकला होता. "डेन्झ्या, बाच्या कंबरेचं का नाय काढलंस?"

"लोकांदेखत?"

"आरं, तुमची चूल थंड हुती ह्ये अख्ख्या खोऱ्याला ठावं. दारात बटाट्याची पोती कोण ठेवायचं? आमीच की."

"मला वाटलं, मामा ठेवायचा."

"तुझ्या मामानं साल बी दिली नसती."

डेन्झिलनं सुरी पुसली. "ओसे, लाव परत फोन," तो म्हणाला.

फळीवरच्या फोनवर, साहेब येईतो वाजणारं संगीत सुरू झालं. त्यानं ताठ पाय पुढं टाकला आणि हार्लेसच्या हरणाला सुरी लावली.