काकीच्या म्हशीचं फॅट

कडावच्या आमच्या दूध डेअरीचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. गावातली कॉम्प्युटर शिकलेली पोर म्हणून, हौसेनं, फुकटात. फॅटच्या रकान्यात ९.९ पर्यंतचाच आकडा मावेल असं मी ठरवून टाकलं. दहाच्या वर कुठलं जातंय फॅट! आणि मावलाच नाही आकडा, तर रांग अडायला नको म्हणून शून्य लिहून पुढे जायचं, अशी एक ओळही घातली. केवढी हुशार मी!

एका सकाळी माझ्या सख्ख्या काकीच्या चिठ्ठीवर फॅट आलं शून्य. डेअरीवाल्यानं दूध परत केलं. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "पानीच आनलंय का काय?" काकी किटली घेऊन तडक आमच्या ओटीवर.

"इतकी वर्सं दूध घालतेय, पान्याचा थेंब नाय घातला गं. आता त्या डेअरीची पायरी नाय चढायची मी."

मला रडूच आलं. काकी आधी पारडाला पोटभर पिऊ देते आणि मग उरलेलं काढते. त्यावरून घरचे तिला वेडीच म्हणतात. पण शेवटच्या धारांचं दूध सगळ्यात दाट, त्यात म्हैस आटत आलेली. हे मी लहानपणापासून बघतेय, त्याच दुधाची साय खाऊन वाढलेय. आणि रकाना आखताना मला आठवू नये? धन्य आहे माझी!

तिला ओढतच डेअरीत नेलं. सगळ्यांसमोर दूध पुन्हा मशिनला लावलं. मशिनवर आकडा दिसला १०.४ आणि चिठ्ठीवर परत शून्य.

"चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. काकीच्या दुधात पाणी नाही," मी मोठ्यानं सांगितलं. मघाचा तो पाणीवाला आपल्या कॅनचं झाकण घट्ट करत बसला.

तिथल्याच कॉम्प्युटरवर मी रकाना वाढवला. नवी चिठ्ठी आली, १०.४. काकीनं ती दोनदा बघितली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. मला वाटलं, सुटले.

"पन येक सांग मला," ती म्हणाली. "नाय मावलं, तर नाय मावलं म्हनायचं ना गं. शून्य कशापायी लिवलंस?"

शून्य लिहायची ती ओळ मी तिच्या देखत पुसून टाकली.