मालूकाकूंनी उचललेलं तबक

मालूकाकू आज पहाटे गेल्या. जाण्याआधी अर्ध्या इंदूरशी भांडून गेल्या.

माझ्या सख्ख्या काकू. रिटायर्ड केमिस्ट्री टीचर. तोंडाने फटकळ, गुडघ्यांनी अधू.

गेले काही महिने आमच्याच लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आज तेच लोक ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकताहेत. म्हणून काय झालं होतं ते लिहूनच टाकते.

काकूंच्या वरच्या खोलीत नर्गिस राहायची. (नाव बदललंय. का, ते पुढे कळेल.) काबूलची मुलगी, इंदूरला फार्मसी शिकायला आलेली. पोह्यांवर शेव जास्त मागायची आणि काकूंना 'काकूजान' म्हणायची. शिकून परत गेली, तिथल्या कॉलेजात शिकवायला लागली.

मग तिथे बंदूकवाल्यांचं राज्य आलं.

धर्माच्या नावावर मुलींच्या शाळा बंद. कॉलेज बंद. बायकांच्या नोकऱ्या बंद. तेव्हापासून नर्गिस घरात आहे. नेट असलं तर रविवारी काकूंना व्हिडिओ कॉल करायची.

आता आमचं ऐका.

आमचं महिला मंडळ औक्षणासाठी फेमस आहे. नऊवारी, नथ, चांदीचं तबक, निरांजन. कुठलीही कॉन्फरन्स असो, आम्हाला बोलावणं येतं. व्यापाऱ्यांच्या एका असोसिएशनकडून निरोप आला की विजय नगरच्या हॉटेलात विदेशी डेलिगेशन येतंय.

विदेशी म्हटल्यावर आम्ही लगेच हो म्हटलं. कुठल्या देशाचं, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. माझी नऊवारी इस्त्री होऊन आली पण.

पाहुणे काबूलच्या सरकारचे निघाले. औषधं घ्यायची, सुकामेवा विकायचा, जमलं तर मैत्री करायची.

मग दुसरा फोन. बायकांनी तबक सजवून द्यावं आणि बाजूच्या खोलीत बसावं. औक्षण पुरुष करतील, कारण पाहुणे बायकांसमोर येत नाहीत.

मंडळ पेटलं. सगळ्या जणी काकूंच्या हॉलमध्ये जमल्या. "आपल्याच शहरात आपल्याला पर्दा? हद हो गई!"

काकू म्हणाल्या, "पडद्यावरून भांडू नका गं. पुढे उभं केलं असतं तरी मी गेले नसते. औक्षण म्हणजे काय करतो आपण? समोरच्यासाठी आयुष्य मागतो. ह्यांच्यासाठी मागू?"



कार्यक्रमाचे कर्तेधर्ते आमचेच बापटजी. ते समजूत घालायला आले.

"काकूजी, आपण छोटे लोक. मोठमोठे देश त्यांच्याशी हात मिळवताहेत. बातचीतच नाही केली तर ते सुधरणार कसे?"

"इतकी वर्षं बातचीत चाललीच आहे ना? कॉलेजचं एक दार तरी उघडलं मुलींसाठी?"

"मतलब तिथल्या पोरांनी औषधाविना मरायचं?"

"औषधं पाठवा ना. ट्रक भरभरून पाठवा, मी पॅकिंगला येते. औषधाबरोबर आरती पण द्यावी लागते काय?"

बापटजी उठले. "जिद आहे तुमची, बाकी काही नाही."

माणूस वाईट नाही. औषधांचा त्यांचा मुद्दा मलाही थोडा पटला होता.

पण रविवारी नर्गिसचा कॉल आला. मी शेजारीच बसले होते. दबक्या आवाजात म्हणाली, "काकूजान, फोटो मत होने देना. ये लोग यहाँ टीवी पे दिखाएँगे. हम औरतों से बोलेंगे, देखो, इंदौर दिया लेके खड़ा है हमारे लिए. अब तुम किसके भरोसे बैठी हो?"

काकूंनी मंडळातल्या एकेकीला फोन लावला. काही जणी जायच्या थांबल्या. काहींच्या नवऱ्यांचा धंदा अडकला होता. त्या गेल्या, तबक सजवून देऊन आल्या.

एक गोष्ट मात्र सगळे विसरले. ते तबक मंडळाचं नव्हतंच. ते काकूंच्या आजेसासऱ्यांचं, दरबारातल्या नोकरीत मिळालेलं. वर्षानुवर्षं वापरून वापरून सगळ्यांना ते मंडळाचंच वाटायला लागलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी काकू म्हणाल्या, "चल, विजय नगरला जायचंय."

रिक्षात मी दोनदा म्हणाले, परत फिरू या. त्या मात्र सिग्नल तोडला म्हणून रिक्षावाल्याला झापत होत्या.

लॉबीत पोलीस, कॅमेरे, हार. पाहुणे आत शिरले आणि काकू सरळ त्यांच्याकडे चालत निघाल्या. मला वाटलं, आता कोणीतरी ढकलणार आणि ह्या पडणार.

समोर बाई दिसताच पाहुण्यांनी माना फिरवल्या.

सिक्युरिटीवाले गोंधळले. आणि आमच्या लोकांपैकी काकूंना हात लावायची कोणाची हिंमत? अर्ध्यांना त्यांनी केमिस्ट्री शिकवलेली.

तबक बापटजींच्या हातात होतं. काकूंनी निरांजन उचलून टेबलावर ठेवलं. मग कुंकू, अक्षता, सुपारी. काही विझवलं नाही, काही सांडलं नाही.

"हे माझ्या घरचं आहे," म्हणाल्या, आणि तबक घेऊन चालू लागल्या.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे भिया, किचनमधून थाळी आणा!" स्टीलची थाळी येईपर्यंत पाहुणे लिफ्टमध्ये शिरले होते.

तो एक फोटो निघाला नाही. बाकीचे निघाले. हार घालतानाचे, हात मिळवतानाचे, जेवतानाचे. ते आपल्याला थांबवता आलं नाही, ह्याचं काकूंना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं.

मग मंडळाच्या ग्रुपमधून त्यांना काढलं. शहराची इज्जत घालवली म्हणे. गणपतीचं आमंत्रणसुद्धा आलं नाही. काकू हसण्यावारी न्यायच्या, पण त्यांना लागलं होतं. मला माहीत आहे.

आज सगळ्यांना कळवून झाल्यावर मी नर्गिसला कॉल केला. नशिबाने लागला.

सांगितलं.

तिने ओढणी तोंडात कोंबली. रडत होती, पण आवाज नाही. तिथे बाईचा आवाज घराबाहेर गेला तर घरच्यांवर बालंट येतं.

मग कुजबुजली, "दीदी, आप रोओ. ज़ोर से रोओ. मुझे सुनना है."

मी फोन हातात धरूनच गच्चीवर गेले आणि मोठमोठ्याने रडले. शेजारीपाजारी बाहेर आले, तरी थांबले नाही.

काकू, खूप भांडलात. आता झोपा निवांत.

तुमच्या पुतणीचा शेवटचा नमस्कार. आणि तुमच्या नर्गिसचाही.