लेन्ससमोरचा पदर

कुमरे बाई गेल्या, आणि पहिला हार कुणी घातला? नेमका हेडमास्तरांनी.

हार म्हणजे शाळेच्या ग्रुपवर एक फोटो. खाली ओळ: "शिस्तप्रिय शिक्षिका हरपली."

वा सर. लाज नावाची गोष्ट रिटायरमेंटबरोबर जमा केलीत वाटतं.

ऐंशीच्या दशकातली आमची आश्रमशाळा. आम्ही चार-पाच मुली भामरागडकडच्या, घरी गोंडी बोलणाऱ्या. कुमरे बाईही आमच्यातल्याच, नोकरीत अगदी नव्या.

एकदा शाळेत प्रोजेक्टर आला. पिक्चर जुना, ऐतिहासिक, गाजलेला. राजा, राणी, लढाया.

पण तो मुलांना दाखवण्यालायक आहे का, हे आधी ठरवायला नको?

म्हणून हेडमास्तर आणि संस्थेचे दोन थोर पुरुष दार लावून बसले. राणीच्या नाचाचं गाणं आम्ही बाहेरून दोनदा ऐकलं. तपासणी कसून चालली होती.

मग हेडमास्तरांनी निकाल दिला.

"पिक्चर चांगला हाये. फक्त तो नाच पोराईसाठी बरा नाई. तेवढ्यापुरता मी लेन्ससमोर हात धरतो."

मुंडकी उडत होती, ती चालली.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या खिडक्यांना चादरी लावून पिक्चर सुरू झाला. नाच आला, सरांनी पंजा आडवा धरला. झाले आमच्यावर संस्कार.

पुढे राजा जंगलात शिरला.

तोंडाला काळं फासलेली, डोक्यात पिसं खोचलेली माणसं "हुबा हुबा" करत आगीभोवती उड्या मारायला लागली. हॉल खदखदून हसला.

सर म्हणाले, "ओळखा बरं पोरीहो, यातला तुमचा मामा कोणता?"

मी मान खाली घातली. मला मामा होता. जंगलातून पायी चालत त्यानेच मला या शाळेत आणून सोडलं होतं.

तेवढ्यात पडदा काळा झाला.

कुमरे बाई लेन्ससमोर पदर धरून उभ्या होत्या.

"बाई, पदर काढा. पोराईले काही दिसून नाई राह्यलं."

"नाईच दिसाले पाह्यजे सर. पोराईसाठी बरं नाई ते."

"अवो, पिक्चर हाये तो! खरं थोडीच हाये?"

"मंग राणीचा नाच काय खरा होता?"



तो सीन संपेपर्यंत बाई हलल्या नाहीत. आपली बाजू घेणारं कुणीतरी आहे, हे मला त्या अंधारात पहिल्यांदा कळलं.

महिन्याभरात बाईंची बदली झाली. नदीपलीकडे, पावसाळ्यात रस्ता तुटतो तिथे. कारण काय, तर म्हणे शिस्तभंग.

आणि आज "शिस्तप्रिय"!

फोटो नीट पाहिला मी. सर पुढे, छाती काढून. बाई मागे, सरांच्या खांद्याआड. अर्धाच चेहरा.

सर, जरा बाजूले सरका.
आमाले बाई दिसून नाई राह्यल्या.

जोहार, बाई.