एकोणतिसावी सही

एकतीस वर्षं मिस आयव्हा ब्रुनर यांनी ओहायो राज्यातल्या आमच्या हार्लन फोर्क गावात शाळेची बस चालवली. थांब्यावर एकही मूल त्यांनी मागे सोडलं नाही. एका पायात बूट, एक हातात, अशी मी कितीदा धावत गेले आहे; त्या दार उघडं ठेवून बसलेल्या असायच्या. आता माझी मुलगी त्याच बसने जाते.

शाळेच्या वाटेवर रेल्वेचं फाटक आहे. मालगाड्या तिथे अर्धा-अर्धा तास उभ्या राहतात. गेल्या हिवाळ्यात पलीकडे एका मुलाला दम्याचा झटका आला आणि रुग्णवाहिका अलीकडे अडकली. मूल वाचलं, पण निवृत्त आयव्हाबाईंची झोप गेली. रुळांवर पूल व्हावा म्हणून त्यांनी आमदारांना फोन सुरू केले. गावाला आमदार दोन; मतदारसंघांची हद्द नेमकी रुळांवरून जाते.

"हा म्हणतो पूल त्याचा, तो म्हणतो ह्याचा," त्या चिडून सांगायच्या. "आणि रेघ ओढली कोणी? ह्यांनीच!"

म्हणून ओहायोत मतदारसंघ आखायचं काम राजकारण्यांकडून काढून नागरिकांच्या समितीला देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्र्याहत्तराव्या वर्षी त्या सह्या गोळा करायला निघाल्या. पुरेशा सह्या जमल्या तरच नोव्हेंबरात त्यावर मतदान होणार होतं. प्रत्येक कागदाच्या तळाशी, आपल्यासमोर किती सह्या झाल्या तो आकडा सह्या घेणाऱ्याने लिहायचा असतो.

जूनमध्ये आमच्या गल्लीत अठ्ठावीस सह्या झाल्या. आकडा लिहून त्या गाडीत बसत होत्या, तेवढ्यात मी पिठाच्या हातांनी धावत गेले.

"मिस आयव्हा, थांबा!"

"अजून उशीरच का गं तुझा?" त्या हसल्या आणि कागद बॉनेटवर ठेवला. मी सही केली. खालचा आकडा तसाच राहिला.

जुलैत निवडणूक कार्यालयाकडून कळलं: सह्या एकोणतीस, आकडा अठ्ठावीस, सगळा कागद बाद. राज्यभरातही सह्या कमी पडल्या होत्या; दहा दिवसांची वाढीव मुदत मिळाली. आयव्हाबाई नवा कागद घेऊन पहिल्या घरापासून पुन्हा निघाल्या.

"काय आयव्हा, बस चुकली वाटतं?" ओसरीवरून डेल्बर्ट राउशने विचारलं.

"बस नाही, मी चुकले. आकडा दुरुस्त करायचा राहिला."

"मग पहिल्या सहीचं लोणचं घाल," म्हणत त्याने जाळीचं दार लावून घेतलं. एक कुटुंब गाव सोडून गेलं होतं. काहींनी दार उघडलंच नाही.

माझ्याकडे त्या सगळ्यात शेवटी आल्या.

"ती सही माझीच होती ना?" मी विचारलं.

"आकडा लिहिणारी मी होते."

"तुम्ही थांबला नसतात तर..."

"तर काय? आता या वयात थांबायचं सोडू?"

मी सही केली. त्यांनी आकडा लगेच लिहिला नाही. फुटपाथवर उभं राहून गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. बसचं दार लावण्याआधी त्या अशाच बघायच्या. चांगला मिनिटभर. कोणी आलं नाही. मग बोट ठेवून दोनदा मोजलं आणि लिहिलं: एकोणीस. पहिल्यापेक्षा दहा कमी.

गल्लीच्या टोकाला फाटक पडलेलं होतं. थांबलेल्या मालगाडीच्या डब्यांच्या फटीतून उन्हाळी वर्गाची पिवळी बस दिसत होती. माझी मुलगी तिच्यात होती.

"गाडी केव्हापासून उभी आहे?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं झाली."

पेनाचं टोपण हातातच धरून त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.