सुनीलरावांची ड्रायव्हरकी

सुनीलला गाडी चालवता येते, हे देवळाली प्रवरेत कुणाला विचारावं लागत नाही. तो स्वतःच सांगतो. चहाच्या टपरीवर सांगतो, सोसायटीच्या ओट्यावर सांगतो, कुणाच्या दहाव्याला गेला तर तिथंही सांगतो. उसाच्या दोन ट्रॉल्यांमधून आपण गाडी कशी काढली, हे ऐकून लोक माना डोलावतात, कारण त्यांना त्याच गाडीतून घरी जायचं असतं.

त्याचं चालवणं म्हणजे नुसता पाय. निघायचं तर पेडल तळापर्यंत, थांबायचं तर ब्रेक तळापर्यंत. मधलं काही असतं याचा त्याला पत्ताच नाही, चालवण्यातही नाही आणि बोलण्यातही नाही.

त्याची बायको स्नेहल राहुरीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. सकाळी लॅब तीच उघडते, म्हणून गाडी ती नेते. गाडी ती माहेरी भावाकडून शिकली, कारण सुनील शिकवायला बसला की नुसता ओरडायचा. तिला त्याच्याशिवाय गाडी आली, हे त्यानं कधी मनातून काढलं नाही.

श्रावणात गाडी झटके द्यायला लागली. सरळ रस्त्यावर एकसारखी हळू चालली की मधेच दम तुटल्यागत हबकायची आणि पुन्हा धरायची. सुनील चालवायला बसला की मात्र काही नाही. मग काय, त्याच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. गाडीला काही झालेलं नाही, हिच्या पायालाच अंदाज नाही, असं त्यानं टपरीपासून सासरवाडीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. गॅरेजवाल्या समर्थनं त्याच्या शब्दावर प्लग बदलले, फिल्टर झाडला आणि उरलेला दोष वहिनींचा ठरवला.

पुढच्या सोमवारपासून किल्ली आपल्याकडे राहील, तिनं एसटीनं जावं, असं सुनीलनं जाहीर केलं. सकाळची एसटी येईल तेव्हा येते. लॅबवाले चार दिवस ऐकून घेतील आणि दुसरी मुलगी ठेवतील, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं.

स्नेहलची खरी चीड वेगळीच होती. मधले काही दिवस तिला त्याचं पटलं होतं. ती चप्पल काढून अनवाणी चालवू लागली, पायाकडे बघत बसायची. या माणसाचं खरं मानून आपण स्वतःचा पाय तपासत बसलो, याची तिला लाज वाटली. पण त्या बघण्यातूनच एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. झटक्याला रस्त्यावरची जागा नव्हती, पेडलवरची होती. पाय थोडासा दाबून स्थिर धरला की नेमक्या त्या ठिकाणी गाडी हबके. जरा वर घेतला तरी हबकणं थांबे, जरा खाली दाबला तरी थांबे.

शनिवारी ती गाडी घेऊन समर्थकडे गेली. सुनील गंमत बघायला सोबत होताच. समर्थनं स्कॅनर जोडला, इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि पेडल दाबून सोडलं. पडद्यावरचा आकडा सरकन वर गेला नि खाली आला. सगळं ओके आहे, असं तो म्हणाला आणि सुनील हसला.

हा आकडा कशाचा, हे तिनं विचारलं. पेडल दाबलं की हवेची झडप किती उघडली, हे थ्रॉटलचा सेन्सर इंजिनाला कळवतो. त्यावर पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं, असं समर्थनं सांगितलं. तिनं पेडल हळू दाबायला सांगितलं. समर्थचं हळू म्हणजे सुनीलच्या जोरापेक्षा एवढंसंच कमी.

"सरका," ती म्हणाली आणि सीटवर बसली.

रोज राहुरीला जाताना दाबायची तसं तिनं दाबलं. आकडा एकेक करत चढला, एका जागी एकदम शून्यावर पडला आणि लगेच परत आला. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तिथंच पडला.

समर्थचा चेहरा उतरला. सेन्सरच्या आतली पट्टी त्या जागी झिजली होती. तिथं पाय आला की सेन्सर सांगायचा, पाय उचलला. इंजिन पेट्रोल तोडायचं.

"मग मला कसं जानवलं न्हाई?" सुनीलनं विचारलं.

"तुमचा पाय तिथं थांबतोच कुठं, सुनीलभाऊ."

काम फार नव्हतं. समर्थनं कनेक्टर काढला, दोन स्क्रू सोडले, नवा सेन्सर बसवला. पाय सुटलेला असताना आकडा जागेवर येईल असा तो किंचित फिरवून आवळला. स्नेहलनं पुन्हा सावकाश दाबलं आणि आकडा कुठंही न अडखळता वरपर्यंत गेला.

सुनील सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडे निघाला.

"अहो, तुमी तिकडनं बसा," ती म्हणाली. समर्थसमोर त्याला नाही म्हणता येईना.

ती नेहमीसारखी हळू निघाली. गाडी तेल लावल्यासारखी चालली होती. सुनील मात्र रस्ता सोडून तिच्या पायाकडे बघत होता. तिला वाटलं, बघून तरी शिकेल. मग पेडल त्या जुन्या जागेवर आलं तसा तो पुढं वाकला, श्वास रोखून थांबला. गाडी न हबकता पुढं गेली आणि त्याचं तोंड पडलं. नव्या सेन्सरची गाडी, घरची गाडी, आत बायको बसलेली, आणि हा माणूस एक झटका यावा म्हणून वाट बघत होता.