न बघता दिलेली हिरवी ओळ

पूर्वी पाटील ही मुलगी खांदा कॉलनीतल्या आमच्या छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहिते. माझ्याच शेजारी बसते. स्वभावाने गरीब. पण त्या मंगळवारी तिने कीबोर्ड असा आपटला की माझा चहा सांडला.

तिची आई जनीबाई विचुंब्याला राहते. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्या केंद्रात रुग्णांना नंबराने बोलावणारा प्रोग्राम आमचाच. रोजचे रुग्ण नवाचे चौदा झाले आणि गोंधळ सुरू झाला. जनीबाईंचा नंबर नऊ, पण दहापासून चौदापर्यंत सगळे त्यांच्या आधी आत. शेवटी वेळ संपली, "उद्या या." असं दोनदा झालं. पाय सुजून टम्म. फोनवर म्हणाल्या, "नववा नंबर हाय गो माझा, पन मला बोलवतंच नाय."

आमच्याकडे कोड तपासणारा एक प्रोग्राम आहे. रोज संध्याकाळी तो 'एकही चूक नाही' अशी हिरवी ओळ देतो. आमचे साहेब परेश तिचा फोटो ग्रुपवर टाकतात आणि आम्ही बावळट हात जोडतो. त्यात पूर्वी पाटीलही आलीच.

रांग लावणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, कमळाकरांच्या काळातलं. ते नोकरी सोडून गेले, पण "चालतंय ना, मग हात लावू नका" हा नियम मागे राहिला. त्या फंक्शनला काय मिळणार, आकडा की अक्षरं, हे वरच्या ओळीत लिहिलेलंच नव्हतं. आणि ते लिहिलेलं नसेल, तर हा तपासनीस आत डोकावतही नाही! सेटिंगच तशी. म्हणजे दोन वर्षं आम्ही कशाला हात जोडत होतो?

पूर्वीने वरच्या ओळीत ते लिहिलं. लगेच लाल. फॉर्ममधला नंबर अक्षरं म्हणून येत होता, त्यामुळे शब्दकोशासारखा पहिल्या अक्षरावरून क्रम लागून एकाने सुरू होणारा दहा नवाच्या आधी येत होता. तिने तो आकडा करून घेतला, तपासनिसाला सगळी फंक्शनं बघायला लावली. आणखी चाळीस चुका निघाल्या.

परेश धावत आले. "काल सगळं हिरवं होतं! काय बिघडवलंस? आधीची सेटिंग लाव."

"काल कुणी बघितलंच नव्हतं, सर. नाही लावणार."

ग्रुपवर त्या दिवशी फोटो गेला नाही. शुक्रवारी पूर्वीचा फोन वाजला.

"पूर्वे, आज आठच्या मागून मलाच बोलावलं गो."

पूर्वीने फोन ठेवला. रडली, आणि उरलेल्या चुकांतली पहिली उघडली.